तलावातल्या बारीक मासळीची सुकसी: जाळ्यातून डब्यापर्यंत

भंडारा-गोंदियाकडे मार्च लागला की तलावाचं पाणी झपाट्यानं उतरतं. जाळं टाकलं की रोहू-कटला दोन-चार लागतात आणि बोटाएवढी मासळी मात्र टोपलंभर निघते. मोठा मासा त्याच सकाळी बाजारात जातो. बारीक मासळीला दुपारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर चार वाजता तिचा वास सुटतो आणि संध्याकाळी ती कुत्र्यांपुढे पडते. हीच मासळी सकाळीच हाती घेतली तर तीन दिवसांत तिची सुकसी होते आणि पुढचे चार महिने घरात कालवणाची सोय राहते.

सुकसी म्हणजे आमच्याकडची वाळलेली मासळी. कोकणात सुकट म्हटलं की जवळा नाहीतर करंदी डोळ्यापुढे येते, समुद्राच्या खाऱ्या वासाची. आमची सुकसी गोड्या पाण्यातली. गोंडराजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, जे पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेले, शेतातल्या बोड्या म्हणजे छोटी तळी, धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि वैनगंगेला मिळणारे नाले यांतून ती येते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजानं, आणि त्यातही बायांनी. मी ढिवर नाही. मी हे शेजारी बसून शिकलो आणि बऱ्याच मासळीची माती करून शिकलो. पुढे लिहितो आहे ते घरच्या प्रमाणावर, एका वेळी पाच-दहा किलो मासळी वाळवणाऱ्यासाठी.

आधी माझी फजिती

पहिल्यांदा मी सुकसी केली ती मे महिन्यात. विचार सरळ होता: ऊन जितकं कडक तितकं काम लवकर. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं आणि मी मासळी टिनाच्या छपरावर पसरली. दुपारी पाहिलं तर वरून कडकडीत, सोनेरी, फोटो काढावा अशी. संध्याकाळी डब्यात भरली. आठ दिवसांनी झाकण उघडलं आणि घरातली माणसं अंगणात गेली.

गावातली एक म्हातारी ढिवरीण मावशी बाजारात सुकसीचे वाटे लावून बसते. तिला सांगितलं तर तिनं एक मासा हातात घेऊन मोडला. बाहेरून लाकूड, आतून मऊ, चिकट, शिजल्यासारखा. म्हणाली, "उनानं नाही बापू, वाऱ्यानं वारते मासा." आमच्या झाडीबोलीत ळचा र होतो, त्यामुळे वाळणं आणि वारा हे तिच्या तोंडी एकाच घरातले शब्द होऊन जातात.

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ताज्या माशात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. सुरुवातीला वरचं पाणी उडतं ते वाऱ्यानं. मग आतलं पाणी हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं आणि तिथून उडतं. पहिल्याच दिवशी फार उष्णता लागली की कातडी घट्ट होऊन बसते, दार बंद झाल्यासारखी, आणि आतलं पाणी आतच अडकतं. त्यात तापलेल्या टिनावर मासा वाळण्याआधी शिजतो. शिजलेलं मांस पुढे वाळलं तरी भुगा होतं. म्हणून पहिल्या दिवशी मासळीला चाळीस-पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त ताप लागू देऊ नये. हात ठेवून पाहा: ज्या जागेवर तळहात दहा सेकंद सुखानं टेकवता येत नाही, ती जागा ओल्या मासळीची नव्हे.

कधी करायची

आमच्याकडे दोन हंगाम. पहिला दिवाळीच्या आगेमागे, बांधीतलं पाणी सोडलं की. तेव्हा मासळी भरपूर मिळते, पण दिवस लहान असतो आणि रात्री दव पडतं, त्यामुळे चार-पाच दिवस लागतात. दुसरा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. हवा कोरडी, वारा चांगला, ऊन सोसवेल इतकं. माझ्या मते हाच खरा हंगाम. मे महिन्यात करायचीच असेल तर सकाळी अकरापर्यंत उन्हात, मग चारपर्यंत हवेशीर सावलीत, असा वेळ वाटून घ्यावा.

पावसाळ्यात उघड्यावर वाळवायच्या भानगडीत पडू नका. ऊन-वाऱ्याचा भरवसा नसतोच, शिवाय पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारी मासळी अंड्यांनी भरलेली असते. ती तेव्हा टोपल्या भरून काढली की पुढच्या वर्षी जाळं रिकामं येतं. अंड्यांतल्या चरबीमुळे तिची सुकसीही लवकर खवट होते.

कोणती मासळी घ्यायची

बोटाएवढी, फार तर चार इंचांपर्यंतची मासळी अख्खी वाळते. चपटे चंदेरी खवल्यांचे मासे सगळ्यांत सोपे. लांबट, पातळ, पाण्याच्या वरच्या थरात पळणारे मासे तर दीड दिवसात वाळतात. मिशांवाली शिंगटी चालते, पण तिचे पाठीचे आणि दोन्ही बाजूंचे काटे आधी कात्रीनं छाटा. वाळल्यावर ते सुईसारखे होतात. लहान मरळ आणि वाम यांची कातडी जाड, त्यांना पोटातून चीर द्यावी लागते. तळहातापेक्षा मोठा चिलापी किंवा रोहू असेल तर पाठीकडून फाडून पुस्तकासारखा उघडावा लागतो, त्याचं मीठही वेगळं. ते पुढे येतं.

लहान-मोठी मासळी एकत्र वाळायला घालू नका. लहान आधी वाळते, मोठी मागे राहते, आणि डब्यात गेल्यावर मोठीतला ओलावा सगळ्या डब्याला बुरशी आणतो. टोपल्यातूनच दोन-तीन ढीग करा, मांडवावरही वेगवेगळे ठेवा.

मासळी ताजी हवी हे सगळेच सांगतात. पण सुकसीसाठी उरलेलीच वापरायची ही सवय काही जात नाही. नासायला लागलेला मासा वाळवला की नासलेलाच मासा वाळतो, त्याचा वास मिठानं जात नाही. डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला लाल, पोट दाबलं तर घट्ट. पोट फुटलेलं असेल तर तो मासा बाजूला काढा. उन्हाळ्यात पाण्यातून काढल्यापासून तीन-चार तासांच्या आत मासळी साफ होऊन मिठात पडली पाहिजे. तेवढ्यात जमणार नसेल तर बर्फ आणा, मासळीच्या वजनाइतका, आणि एकाआड एक थर लावा.

एक मासळी फुकट मिळाली तरी घेऊ नये. नाल्यात औषध टाकून मारलेली, किंवा धानावर तुडतुड्यांसाठी फवारणी झाल्यावर बांधीत उलटी तरंगणारी. वाळवल्यानं औषध उडून जात नाही. उलट दहा माशांतलं पाणी जाऊन तीन माशांइतकं वजन उरतं, म्हणजे घासागणिक विष जास्तच. ऑक्टोबरमध्ये बांधीतली मासळी काढण्याआधी वरच्या शेतात शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून घ्यावं.

मांडव

जमिनीवर पोतं पसरून मासळी वाळवणं हीच सगळ्यात मोठी चूक. खालून हवा लागत नाही, वाळू चिकटते, कोंबड्या येतात. कमरेइतक्या उंचीचा मांडव करा. चार बल्ल्या, वर बांबूच्या कामट्या हात-हात अंतरावर, त्यावर नायलॉनचं जुनं पण स्वच्छ धुतलेलं मासेमारीचं जाळं ताणून बांधायचं. जाळ्याचे डोळे बारीक हवेत. जाळं नसेल तर बुरडाकडून विरळ विणलेला तट्टा घ्या. दाट विणलेला नको. पाच किलो मासळीला सहा फूट बाय तीन फूट जागा पुरते.

जागा निवडताना वारा पाहा. मूठभर कोरडी माती हातातून सोडली की कळतं कुठल्या कोपऱ्यात हवा खेळते. घराच्या भिंतीला लागून मांडव घातला तर ऊन मिळतं, वारा मिळत नाही. गोठा आणि उकिरडा दूर हवा, कारण माश्या तिथून येतात. मांडवाच्या बल्ल्यांखाली पाणी भरलेली मातीची वाटकी ठेवली की मुंग्या चढत नाहीत.

वरून मच्छरदाणीचं कापड. हे सोडू नका. कापड मासळीला टेकता कामा नये. बांबूच्या कमानी करून वीतभर उंच ताणा आणि कडा चिमट्यांनी बंद करा. निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या ओल्या माशावर अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात. कल्ला आणि पोटाची चीर या त्यांच्या आवडत्या जागा. पहिले सहा तास माशी बसू दिली नाही तर निम्मी लढाई जिंकली, कारण कातडी कोरडी झाली की ती फारशी फिरकत नाही.

माश्यांसाठी फवारणीचं औषध मारणारे लोक आहेत. घरातल्या झुरळाचं औषध शिंपडणारेही पाहिलेत. हे खाण्याच्या वस्तूवर आहे, एवढं लक्षात असू द्या.

साफ करणं

इथं वेळ जातो आणि इथंच चव ठरते. मासा डाव्या हातात, पोट वर. शेपटीकडच्या छिद्राच्या जरा पुढे अंगठ्याचं नख रोवायचं, पुढे कल्ल्यापर्यंत एक रेघ ओढायची आणि दाबायचं. आतडं एका लडीत बाहेर येतं. सवय झाली की एका माशाला पाच सेकंद लागतात. यात हिरवट पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. फुटलीच तर तो मासा लगेच वेगळ्या पाण्यात धुवा. तलावातला बारीक मासा शेवाळ आणि चिखल खातो. पोटातला तो माल तसाच राहिला तर सुकसी कडू होते आणि सडणं आतूनच सुरू होतं. दीड-दोन इंचांच्या अगदी बारीक मासळीचं पोट कुणी काढत नाही. तिला स्वच्छ पाण्याच्या टबात तीन-चार तास जिवंत ठेवली तर पोट बरंच रिकामं होतं. पण मासळी जिवंत असेल तरच.

खवले आणि चिकट काढायला आमच्याकडे राख लागते. चुलीतली चाळलेली राख मासळीवर टाकून खरबरीत टोपल्यात हलकेच घोळायची. खवले सुटतात, हातातून निसटणं थांबतं. राख फक्त लाकडाची हवी, प्लास्टिक-कागद जाळलेल्या चुलीची नको. मग तीन पाण्यांनी धुवा. तिसरं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं आणि टोपलं तिरकं ठेवून अर्धा तास निथळू द्यायचं.

डोकं काढायचं का? मी काढत नाही. बारीक मासळी अख्खी चावून खाल्ली जाते, त्यातलं कॅल्शियम डोक्या-काट्यातच असतं. बांगलादेशात मोला नावाचा बोटाएवढा मासा घरच्या तळ्यात मुद्दाम वाढवतात, कारण त्याच्या डोळ्यांत अ जीवनसत्त्व भरपूर असतं. ते मात्र उन्हात बहुतेक नष्ट होतं. म्हणून त्यासाठी मासळी ताजीच खावी. सुकसी खायची ती प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी. आणि चवीसाठी.

मीठ: किती, आणि लावायचं का

जुन्या पद्धतीत बारीक मासळी बिनमिठाचीच वाळवतात. मार्चच्या कोरड्या हवेत ती उत्तम होते आणि कालवणात मीठ आपल्या हातात राहतं. पण हात बसलेला नसेल तर मीठ लावा. मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं, सडवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतं आणि माशीलाही आवडत नाही.

धान पेरण्याआधी बियाणं तपासायला आपण दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकतो, म्हणजे तीन टक्के. मासळीला त्याच्या तिपटीहून थोडं जास्त लागतं: दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ. मीठ पूर्ण विरघळवून पाणी कापडातून गाळून घ्या. एका किलो मासळीला दोन लिटर या हिशेबानं त्यात मासळी बुडवा, वरून ताट ठेवा म्हणजे तरंगणार नाही. दोन इंचांच्या मासळीला पंधरा मिनिटं, चार इंचांच्या मासळीला अर्धा तास. चमचाभर हळद टाकतात. रंग चांगला येतो, पण हळदीवर विसंबून मीठ कमी करू नका. बाहेर काढल्यावर साध्या पाण्यातून एकदाच झटकन काढा, नाहीतर वाळल्यावर अंगावर पांढरी पूड दिसते. तेच मिठाचं पाणी दोन घाण्यांपेक्षा जास्त वापरू नये, रक्तानं आणि माशातल्या पाण्यानं ते पातळ होतं.

पाठीकडून फाडलेल्या मोठ्या माशाला पाण्यातलं मीठ पुरत नाही. त्याला किलोमागे पाव किलो कोरडं मीठ चोळा, खालून पाणी वाहून जाईल अशा टोपल्यात थर लावून रात्रभर दगडाखाली ठेवा, सकाळी धुवून वाळायला घाला.

मीठ कुठलं? बारीक आयोडीनचं चालतं. खडेमीठ स्वस्त, पण मातकट घेऊ नका. मिठागराच्या मिठात खारात जगणारे जिवाणू असतात, त्यांच्यामुळे साठवलेल्या मासळीवर महिन्याभरानं गुलाबी चिकट थर चढतो. खडेमीठ आधी तव्यावर कडक भाजून घेतलं की हा त्रास बराच टळतो.

आणखी एक गोष्ट मिठाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ उलट हवेतलंच पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ते यामुळेच. म्हणून दमट दिवशी खारवलेली मासळी कितीही वेळ बाहेर ठेवली तरी वाळत नाही, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर उघडा राहिलेला खारा डबा दोन दिवसांत घाम फोडतो. बिनमिठाच्या मासळीचं उलट: तिला घाम कमी, पण किडा जास्त.

तीन दिवसांचं वाळवण

पहिला दिवस. सकाळी आठच्या सुमारास मासळी मांडवावर एकेरी पसरा, एकावर एक नको, दोन माशांमध्ये बोट जाईल इतकी जागा. पहिले दोन तास दर वीस मिनिटांनी हलवा, नाहीतर ती जाळ्याला चिकटते आणि काढताना कातडी सोलून निघते. मग तासा-तासानं उलटी करा. ऊन चढलं आणि वारा पडला तर अकरा ते तीन वरून कापडाची सावली करा, बाजू उघड्या ठेवून. संध्याकाळी मासळीची कातडी कोरडी, ताणलेली आणि दाबली तर रबरासारखी लागली पाहिजे. हाताला ओल लागत असेल तर उद्या त्रास होणार.

साडेचार-पाचला, दव पडायच्या आत, सगळी गोळा करा. आता ती पसरून ठेवायची नाही. टोपल्यात ढीग करा, सुती कापड टाका आणि वर फळी ठेवून जरासं वजन द्या. रात्रभरात आतलं पाणी बाहेरच्या कोरड्या थरात येतं आणि सकाळी मासा परत किंचित मऊ लागतो. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. मावशी याला "पाणी काढते" एवढंच म्हणते. ही रात्र वगळून दोन दिवस सलग वाळवलेल्या मासळीपेक्षा रात्र घेतलेली मासळी आतून बाहेरून एकसारखी होते, हे मी दोन टोपली शेजारी ठेवून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरा, दर दीड-दोन तासांनी फिरवा. आज पूर्ण ऊन चालेल. कातडीतून पाणी येण्याची वाट तयार झाली आहे. अगदी बारीक मासळी आज संध्याकाळी होते. बाकीची पुन्हा टोपल्यात दाबून. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाएवढी मासळी तयार व्हावी. फाडलेल्या मोठ्या माशाला आणखी दोन दिवस द्या.

मध्येच ढग आले तर? मार्चमध्ये अवकाळी येतोच. पाऊस लागलेली मासळी पुन्हा मिठाच्या पाण्यातून काढून निथळवा आणि घरात पंख्याखाली जाळीवर पसरा. पंखा चांगलं काम करतो, ऊन नसलं तरी. तेही नसेल तर चुलीवर दोन हात उंचीवर तारेची जाळी टांगा, खाली मंद विस्तव आणि धूर. लाकूड ऐन किंवा धावड्याचं, नाहीतर बाभळीचं. रंग दिलेली फळी किंवा प्लायवूड अजिबात नको. धुरावर वाळवली की चव वेगळी येते. आमच्या घरी काही जणांना तीच जास्त आवडते.

दरवर्षी मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या गटांनी बंदिस्त सौर वाळवणयंत्राचा विचार करावा. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं माशांसाठी अशी यंत्रं विकसित केली आहेत, ढग आले तर विजेवर किंवा गॅसवर चालणारी सुद्धा. घरच्या पाच किलोसाठी मात्र मांडव पुरे.

झाली की नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि बहुतेकांची सुकसी इथंच फसते. ओलावा पंचवीस टक्क्यांच्या खाली गेला की जिवाणूंची वाढ थांबते, पण बुरशी थांबायला तो पंधरा टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. म्हणजे सडण्याचा वास नाही म्हणून मासळी वाळली असं नाही.

सगळ्यात जाड मासा निवडा, पाठीच्या मध्यावर मोडा. कट्‌ असा आवाज होऊन तुटला पाहिजे. वाकून मग चिरफळला तर अजून एक दिवस. मोडलेल्या जागी आत गडद, चमकदार रेघ दिसत असेल तर ते पाणी आहे. मूठभर मासळी सुपात वरून सोडली तर वाळल्या पानांसारखी खुळखुळली पाहिजे, थपथप आवाज नको.

वजनाचा उपाय जास्त भरवशाचा. सुरुवातीला साफ करून निथळलेली एक किलो मासळी वेगळ्या जाळीत घाला. बिनमिठाची असेल तर ती दोनशे सत्तर ते तीनशे ग्रॅमवर आली की झाली. खारवलेलीचं वजन मिठामुळे थोडं जास्त भरतं. तिचं सकाळ-संध्याकाळचं वजन सारखं यायला लागलं की थांबा.

आणि शेवटी बरणी. पाच-सहा मासे काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा, बरणी तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून दव आलं तर मासळी परत मांडवावर. मी मेच्या त्या डब्याआधी हे केलं असतं तर आठ दिवसांनी अंगणात जावं लागलं नसतं.

साठवण

उन्हातून उचललेली मासळी गरम असताना भरू नका. सावलीत दोन तास पसरून थंड करा. मग मोडका चुरा, खवले, खडे सुपानं पाखडून काढा. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा उत्तम. मोठा एकच डबा न भरता आठ-पंधरा दिवसांचा माल मावेल अशा जाड प्लास्टिकच्या पिशव्या करून त्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात डबा उघडला की दमट हवा आत जाते, तेव्हा एका पिशवीचंच नुकसान होतं. कडुनिंबाची पानं टाकतात. टाकायची तर कडक वाळलेली टाका; ओली पानं टाकून मी एकदा डबाभर बुरशी पिकवली आहे.

साठवणीतला खरा शत्रू म्हणजे काळा-तपकिरी लहान भुंगा आणि त्याची केसाळ अळी. मांस खाऊन काटे आणि भुसा मागे ठेवते. तळाशी बारीक पूड दिसली की समजा. यावर घरचा उपाय म्हणजे नियमित ऊन: मे अखेरपर्यंत दर तीन आठवड्यांनी मासळी दिवसभर काळ्या कापडावर कडक उन्हात. इथं टिनाचं छप्परसुद्धा चालतं, कारण आता शिजण्यासारखं पाणीच उरलेलं नाही, आणि त्या तापात अंडी-अळ्या मरतात. शेवटचं ऊन मृगाच्या आधी. ज्यांच्याकडे फ्रीजर आहे त्यांनी पिशव्या आठवडाभर त्यात ठेवून काढाव्यात, किडा उरत नाही. जागा असेल तर पावसाळाभर तिथंच राहू द्या.

बिनमिठाची सुकसी तीन महिने चांगली राहते, खारी सहा महिने. पिवळट तेलकट डाग आणि रंगासारखा उग्र वास म्हणजे खवट. जिवाला धोका नसेल, पण कालवण वाया जातं. हिरवी, काळी किंवा पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर पुसून वापरू नका, फेका.

झिंग्यांचं थोडं वेगळं

तलावातले बारीक झिंगे पोट काढून साफ करायचे नसतात. धुवून, गवत-शेवाळ निवडून, लिटरमागे चमचाभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाका. लाल झाले की निथळवून पसरा. पातळ असल्यानं एका कडक दिवसात होतात. वाळल्यावर पोत्यात घालून हलक्या हातानं बडवा आणि सुपानं पाखडा: मिशा, पाय, टरफलं उडून जातात. उरतं ते लसूण-मिरचीबरोबर खलबत्त्यात कुटण्यासाठी. मासळीपेक्षा झिंगे लवकर दमट होतात, त्यांना बरणीच बरी.

खायची कशी

सुकसी वाळलेली असते, शिजलेली नसते, हे लहान मुलांना आधी सांगा. येता-जाता डब्यात हात घालतात. लागेल तेवढी काढून तव्यावर बिनतेलाची मंद भाजा, रंग जरा बदलेपर्यंत. मग कोमट पाण्यात दोन मिनिटं टाकून हातानं चोळा, खाली बसलेली रेती ओतून द्या. खारी असेल तर दहा मिनिटं भिजवा आणि पाणी बदला.

आमच्याकडे ती वांग्यात पडते, किंवा अंबाडीच्या भाजीत. अर्जुनी मोरगावकडच्या बंगाली वसाहतींत तिलाच शुटकी म्हणतात आणि भरपूर लसूण-मिरची घालून जवळजवळ कोरडी करतात. तो वास शेजारच्या गल्लीत जातो. वांग्यात करताना सुकसी आधी टाकू नका. कांदा, लसूण, तिखट, वांगी तेलावर परतून, वांगी अर्धी शिजली की मग भाजलेली सुकसी आणि वाटीभर पाणी. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.